सर, एक डाउट होता
'फ्रेंच : हमखास ९५' क्लासच्या सरांना खुले पत्र

बोईसर

सन्माननीय सर,

सा. न. वि. वि.

पालघरपासून बोईसरपर्यंत रिक्षांच्या पाठीवर, झेरॉक्सच्या दुकानांत आणि विजेच्या खांबांवर आपला हसरा फोटो बघत आम्ही रोज कामाला जातो. खाली लिहिलेलं असतं : 'फ्रेंच घ्या, टेन्शन सोडा. हमखास ९५.' आपलं नाव मी इथे लिहीत नाही. ते अख्ख्या तालुक्याला पाठ आहे. शिवाय फुकटची जाहिरात मिळाली तर आपल्यालाच अवघडल्यासारखं होईल. फुकट काही द्यायची-घ्यायची आपली रीत नाही.

पत्र खुलं का लिहिलं? कारण दुसरी सोय आपण ठेवलेली नाही. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो आणि अ‍ॅडमिन आपणच आहात. वर्गात हात वर केला की 'डाउट शेवटी' असं उत्तर येतं आणि शेवटी पुढची बॅच दारात उभी असते. मग वाट फ्रेंचांचीच धरली. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला या कादंबरीकारानं पॅरिसच्या 'लोरोर' दैनिकात थेट राष्ट्राध्यक्षांना खुलं पत्र लिहिलं आणि निरपराध सैन्याधिकारी ड्रेफसला हेर ठरवणाऱ्यांना नावानिशी जाब विचारला. आपल्या नोट्समध्ये झोला नाही. म्हणजे तो पेपरात येत नाही, म्हणजे तो झालाच नाही. तरी त्याची रीत उसनी घेते. त्याच्यासमोर सैन्यातले बडे अधिकारी होते, माझ्यासमोर आपल्या स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स आहेत. चूक कबूल करायची पद्धत दोन्हीकडे नाही, एवढं साम्य.

मी बोईसरला फ्रेंच शिकवते. पोस्टर नाही, बॅचेस नाहीत, घरच्या हॉलमध्ये चार-सहा खुर्च्या आहेत. आपल्याकडून बारावीत नव्वदी पार केलेली मुलं पुढे डेल्फ द्यायची म्हणून माझ्याकडे येतात. डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची परीक्षा. तिच्या पहिल्या पायरीला, म्हणजे ए-वनला, ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ मिळाले की पास. बोलण्याच्या भागात परीक्षक आधी उमेदवाराची चौकशी करतो. मग बाजू उलटते. टेबलावर चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येकीवर एकच शब्द : 'सुट्टी?', 'काम?', 'कुटुंब?'. त्या शब्दावरून उमेदवारानं परीक्षकाला प्रश्न विचारायचा. बस्स.

आपल्याकडे ९६ मिळवलेली एक मुलगी सरावाला समोर बसली होती. तिनं चिठ्ठी उचलली. 'त्राव्हाय', म्हणजे काम. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मग उलटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. वहीत पट्टीनं समास आखला, अ), ब), क) अशी अक्षरं एकाखाली एक मांडली आणि मला म्हणाली, "मॅडम, पण वाक्य कुठाय? वाक्य दिल्याशिवाय प्रश्न कसा तयार करायचा?"

सर, या मुलीला नावं ठेवायला मी पत्र लिहीत नाही. ती हुशार आहे. डहाणू लोकलमध्ये हीच मुलगी पाय ठेवायच्या आत तिघींना विचारते, 'कुठे उतरणार?' आणि सफाळे यायच्या आत सीट मिळवते. तिला प्रश्न विचारता येत नाही असं नाही. फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायचा नसतो, तयार करायचा असतो, हे तिला शिकवण्यात आलं आहे. ही करामत पूर्णपणे आपली.

ती करामत मी आपल्या नोट्समध्ये नीट पाहिली. 'खालील विधानांचे तीन प्रकारे प्रश्नार्थक रूपांतर करा.' त्याखाली विधानं, विधानांखाली उत्तरं, उत्तरांखाली 'व्ही. इम्प.'. क्रियापदं तर सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तशी ओळीनं टांगलेली. ओली कुठली, सुकी कुठली, कुणी विचारायचं नाही.

आता ते तीन प्रकार. आपण ते शिकवलेत, पण त्यांचा उपयोग सांगायचा राहून गेला. बॅच मोठी, वेळ थोडा. म्हणून मी सांगते.

पहिला प्रकार : वाक्य आहे तसंच ठेवायचं आणि शेवटी आवाज वर न्यायचा. 'त्यु आबित आ बोईसर?' म्हणजे तू बोईसरला राहतोस? संपलं. पॅरिसच्या बसमध्ये, बेकरीत, घरात बहुतेक प्रश्न असेच विचारले जातात. आपल्या नोट्समध्ये हा प्रकार दोन ओळींत उरकला आहे आणि पुढे कंसात 'कमी महत्त्वाचे' असा शेरा आहे. बरोबरच आहे. आवाज वर गेला की नाही ते उत्तरपत्रिकेवर दिसत नाही, आणि जे उत्तरपत्रिकेवर दिसत नाही त्याला आपल्याकडे भाषा म्हणत नाहीत.

दुसरा : वाक्याच्या आधी 'एस्क' लावायचं. 'एस्क त्यु आबित आ बोईसर?' लिहिताना ही तीन शब्दांची लांबलचक गाडी असते, बोलताना झटक्यात निघून जाते. घरी चालतं, ऑफिसात चालतं, कुणाला टोचत नाही. आपण मात्र त्याचा उच्चार देवनागरीत 'एस्ट-से-क्यू' असा छापला आहे. पॅरिसमध्ये कुणाला असं विचारलं तर तो गोळीचं नाव समजून औषधाच्या दुकानाची वाट दाखवेल. आणि 'आबित'चं आपण 'हॅबिटेस' केलंत. त्यातला 'ह' आणि शेवटचा 'स' फ्रान्समध्ये कुणी उच्चारत नाही, पण छापलाय म्हणजे वाचलाच पाहिजे, ही आपली शिस्त.

तिसरा : क्रियापद आधी, कर्ता मागून. 'आबित-त्यु आ बोईसर?' हा आपला लाडका, कारण यात चूक करायला भरपूर वाव आहे आणि वाव असला की नोट्स खपतात. 'तो बोलतो का?' याचं 'पार्ल-तिल?' होतं. मधला 'त' कुठून टपकला? क्रियापदाच्या शेवटी स्वर आणि पुढच्या सर्वनामाच्या तोंडाशी स्वर आला की जीभ अडखळते, म्हणून मध्ये 'त' घालतात. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. आपल्या नोट्समध्ये तिथे चौकट आहे : 'टी-रूल. पाठ करा. का विचारू नका.' प्रश्न शिकवणाऱ्या धड्यात 'का विचारू नका' छापून घेणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसावा.

हा तिसरा प्रकार अर्ज, पत्रं, वर्तमानपत्रं आणि भाषणं यांत शोभतो. रोजच्या बोलण्यात तो उरला आहे तो ठरीव वाक्यांत : 'कोमाँताले-व्हू?' म्हणजे कसे आहात, 'केल एर एतिल?' म्हणजे किती वाजले. 'मी'साठी तर तो मोजक्याच क्रियापदांशी जमतो. 'पुई-ज?' म्हणजे मी करू का, असं अदबीनं विचारता येतं. सोळाव्या शतकात मोंतेन नावाच्या लेखकानं 'क से-ज?', म्हणजे 'मला काय ठाऊक आहे?', हे आपलं बोधवाक्य केलं होतं. १९४१ पासून त्याच नावाची छोट्या ज्ञानपुस्तकांची माला पॅरिसमध्ये निघते. आपल्या क्लासच्या दारावर असं काही लावायची सूचना मी करणार नाही. धंद्याला बरं नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. हे तिन्ही प्रकार आपल्या विद्यार्थ्यांना आईच्या भाषेत आधीच येतात. 'येतोस?' म्हणताना आपण नुसता आवाज वर नेतो. 'येतोस का?' म्हणताना एक छोटा शब्द जोडतो, फक्त फ्रेंच तो आधी जोडतात आणि आपण शेवटी. 'आहेस का रे तू घरी?' म्हणताना क्रियापद पुढे आणतो, कर्ता मागे ढकलतो. सर, आपण पहिल्या दिवशी फळ्यावर ही तीन मराठी वाक्यं लिहिली असती तर निम्मा धडा तिथेच संपला असता. पण मग नोट्स कशा विकायच्या? शिवाय 'मराठीच्या कटकटीतून सुटका' अशी आपली दुसरी जाहिरात आहे. जिच्यातून सुटका करायची तिचीच मदत कशी घ्यायची?

आणखी एक. 'तू बोईसरला राहत नाहीस?' असा नकारी प्रश्न आला आणि आपण राहत असलो, तर फ्रेंच माणूस नेहमीचा 'वी' म्हणजे 'हो' वापरत नाही. तो म्हणतो, 'सी!' आपल्या नोट्समध्ये याला 'अपवाद क्र. ४' म्हटलं आहे आणि दोन पानं दिली आहेत. सर, आपण अशा वेळी काय म्हणतो? 'राहतो की!' त्या 'की'तला ठसका म्हणजेच फ्रेंचांचा 'सी'. पालघरच्या वाडवळापासून डहाणूच्या वारल्यापर्यंत कुणालाही हे सांगून बघा, दोन पानं लागणार नाहीत.

तीच गत 'त्यु' आणि 'व्हू'ची. एकवचन आणि अनेकवचन, इतकंच लिहून आपण मोकळे झालात. अनोळखी माणसाला, वयानं मोठ्या माणसाला, दुकानदाराला 'व्हू', दोस्ताला आणि भावंडाला 'त्यु', हे राहिलं. तू आणि तुम्ही यांतला फरक न पाळता बोललं तर इथे काय होतं, ते आपल्याला ठाऊक असावं. आपले विद्यार्थी परीक्षकाला 'त्यु' म्हणतात. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी तिथे गोंधळला तर समजू शकतं. मराठी मुलाला गोंधळवायला कसब लागतं, ते आपल्याकडे आहे.

आता लोकलमधला प्रश्न घेऊ. 'कुठे उतरणार?' फ्रेंचमध्ये 'कुठे'ला 'ऊ' म्हणतात. मुलं हसतात, हसू देत, शब्द डोक्यात राहतो. 'व्हू देसाँदे ऊ?' हे शेजारच्या बाईला. 'ऊ एस्क व्हू देसाँदे?' हे कुणालाही. 'ऊ देसाँदे-व्हू?' हे कागदावर किंवा फार अदबीनं. एकच प्रश्न, तीन पोशाख. कुठला केव्हा घालायचा, एवढंच शिकवायचं होतं. आणि 'एस्क' नुसतं 'हो-नाही'च्या प्रश्नापुरतं नसतं, ते 'कुठे', 'केव्हा', 'का' यांच्या मागूनही येतं. 'काय'च्या मागून आलं की 'केस्क' होतं : 'केस्क त्यु फे?' म्हणजे काय करतोस? तोच 'काय' दोस्ताशी बोलताना वाक्याच्या शेवटी जातो आणि रूप बदलतो : 'त्यु फे क्वा?' आपल्या नोट्समध्ये 'क्वा' नाही. पॅरिसमध्ये मात्र तो पावलापावलाला आहे.

सर, आपण म्हणाल, पालघर-बोईसरच्या पोरांना फ्रेंच बोलायचंय कुणाशी? आमचं काम मार्क मिळवून द्यायचं. हा युक्तिवाद मी आदरानं ऐकते, कारण आपल्या क्लासमध्ये तेवढीच एक गोष्ट प्रश्नार्थक असते.

तर ऐका. आपल्या क्लासच्या खिडकीतून ज्या दिशेला हवा येते तिकडे तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. अमेरिकन कंपनीनं बांधलेल्या त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या आणि १९६३ च्या करारानुसार इंधन अमेरिका देणार होती. १९७४ साली पोखरणला चाचणी झाली, १९७८ साली अमेरिकेनं कडक कायदा केला आणि इंधन अडलं. तेव्हा तोडगा निघाला तो फ्रान्सच्या दारात. १९८२ साली ठरलं की तारापूरचं इंधन फ्रान्स देईल. अशा वाटाघाटी म्हणजे दुसरं काय असतं? 'कोंब्यँ' म्हणजे किती, 'काँ' म्हणजे केव्हा, कोणत्या अटीवर, आणि नाही दिलंत तर काय? आपले विद्यार्थी त्या शिष्टमंडळात नव्हते हे देशाचं नशीब. एकच प्रश्न तीन प्रकारे लिहून, खाली रेघ मारून परत आले असते.

ते जुनं वाटत असेल तर डहाणूकडे बघा. गंजाड परिसरातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोहोचले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उद्या एखादी फ्रेंच बाई वारली चित्रं बघायला इकडे आली आणि आपला ९६ वाला विद्यार्थी तिच्यासोबत दुभाषा म्हणून गेला, तर तो काय करेल? 'व्हू व्हने दू?', म्हणजे तुम्ही कुठून आलात, एवढं विचारलं तरी दिवस साजरा होईल. पण आधी त्याला कुणीतरी वाक्य द्यायला हवं.

आणि कॅनडा विसरून कसं चालेल? आपल्या नव्या पोस्टरवर बर्फातलं घर आहे आणि 'फ्रेंच करा, पीआर पक्का' असं लिहिलं आहे. एमआयडीसीतले कितीतरी तरुण इंजिनिअर दुसरी शिफ्ट संपवून आपल्या क्लासला येतात, कारण फ्रेंच येणाऱ्यांसाठी कॅनडानं २०२३ पासून वेगळी निवडही सुरू केली आहे. त्यांतले बरेच जण 'टेफ कॅनडा' ही परीक्षा देतात. आपण त्यांना सांगितलंत का, की तिच्या बोलण्याच्या परीक्षेचा पहिला भाग काय असतो? एक जाहिरात समोर ठेवतात. भाड्याचं घर, व्यायामशाळा, स्वयंपाकाचा वर्ग, काहीही. समोरचा माणूस फोनवर आहे असं धरून उमेदवारानं पाच मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. भाडं किती? वीज त्यातच का? स्टेशन लांब आहे का? आगाऊ पैसे भरायचे का? आणि सगळं 'व्हू' लावून. बोईसरमध्ये भाड्यानं खोली शोधलेल्या माणसाला हे सगळे प्रश्न तोंडपाठ असतात. आपल्या क्लासमध्ये तो ते विसरून बाहेर पडतो.

पुढे कधी तो कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकला गेला, तर त्याला कुणी विचारेल, 'त्यु कोंप्राँ-त्यु?' तो दचकेल, दोनदा 'तू' कशाला? तिथल्या बोलीत शेवटचा 'त्यु' म्हणजे तू नव्हे. तो फक्त वाक्याचा प्रश्न करतो, थेट आपल्या 'का'सारखा : समजतंय का? 'से-त्यु ल्वँ?' म्हणजे लांब आहे का? बोईसरच्या माणसाला हा प्रकार दहा मिनिटांत जमावा. पण तो नोट्समध्ये नाही, म्हणजे क्वेबेकच चुकतंय.

माझी तक्रार फ्रेंचपुरती असती तर पत्र इतकं लांबलं नसतं. या पट्ट्यात प्रश्न विचारायची सवय गेली तर काय होतं ते आपण जाणता. कारखान्यांच्या सांडपाण्यानं किनारा आणि खाडी नासली, मासळी गेली, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. किती पाणी? कुठे सोडता? कधीपासून? कुणाच्या परवानगीनं? हेच ते प्रश्नवाचक शब्द, जे आपण तक्त्यात पाठ करून घेता. त्या मच्छीमारांना कुणी आधी विधान दिलं नव्हतं. त्यांना उत्तर हवं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. प्रश्नाचं व्याकरण एवढ्यावरच उभं असतं : विचारणाऱ्याला काहीतरी ठाऊक नसतं आणि ते जाणून घ्यायचं असतं. आपल्या वर्गात या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. ठाऊक नसणं ही नामुष्की आणि जाणून घेणं हा टाइमपास.

म्हणून आरोप स्पष्ट लिहिते. भाषेचा सगळ्यात जिवंत भाग आपण रूपांतराचं गणित करून टाकलात. जी मुलं दिवसभर प्रश्न विचारतात, त्यांना पैसे घेऊन गप्प बसवलंत. आणि वर त्यांच्या गुणपत्रिकेवर ९६ लिहून आणलेत, म्हणजे त्यांना संशयसुद्धा येऊ नये.

शिक्षा मागत नाही. आठवड्यातून एक तास नोट्स बंद ठेवा. चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहा आणि मुलांना एकमेकांना प्रश्न विचारू द्या, चुकत, हसत, हातवारे करत. उच्चार देवनागरीत छापू नका, मोबाइलवर खऱ्या माणसाचा आवाज ऐकवा, तो फुकट मिळतो. 'का विचारू नका'ची चौकट काढून टाका. आणि ग्रुपवर आठवड्यातून एक दिवस तरी मुलांना लिहू द्या. सुरुवातीला जड जाईल. एखादा असा प्रश्न येईल, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नसेल. घाबरू नका, त्यालाच शिकवणं म्हणतात.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवणं आपल्या हातात आहे.

आपली,
आपल्या ९६ वाल्यांची दुसरी बाई

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या पालकांसाठी : फी भरण्याआधी एखादं लेक्चर मागच्या बाकावर बसून ऐका. सर किती बोलतात ते मोजू नका. मुलं किती वेळा विचारतात ते मोजा. तासाभरात एकाही मुलानं काही विचारलं नाही, तर फीची पावती फाडू नका. मग तिथे फ्रेंच शिकवत असोत, गणित असो, नाहीतर मराठी.